मऊ पडलेली बोटं

शिवणवालीचा विश्वास फक्त स्वतःच्या कात्रीवर. दूधवाला, वाणी, सख्खी बहीण, सगळे तिच्या लेखी संशयित. नवरा तेवढा सुटला होता, कारण त्याची हजेरी त्याच्या बोटांवर लागत असे.

तो एका हॉटेलाच्या बँडमध्ये दुपारच्या जेवणाच्या वेळी गिटार वाजवायचा. डाव्या हाताच्या बोटांना तारांनी घट्टे पडलेले, आणि त्यांची बडदास्त जावयासारखी. कडा खरखरीत झाल्या की बारीक पॉलिशपेपरने घासायच्या, साल सुटलं तरी ओढायचं नाही, आणि पाण्यात हात घालायचा नाही, घट्टे भिजून मऊ पडतात म्हणे. लग्न झाल्यापासून या पठ्ठ्याने घरात एक कप विसळला नव्हता. बायकोच्या रेशमी कापडाला हात लावायची मात्र त्याला बंदी होती. त्या बोटांत धागे अडकायचे.

एका सकाळी गिऱ्हाईक दारात आलं म्हणून त्याने घाईघाईत टेबलावरचं रेशीम उचललं आणि घडी घालून बाजूला ठेवलं. एकही धागा अडकला नाही. तिने त्याचा हात ओढून पाहिला. बोटांची टोकं मऊ, पांढुरकी, लिंबाच्या साबणाचा वास येणारी. हवा बदलली की होतं असं, तो म्हणाला.

तिने हात सोडला आणि मनात हिशेब मांडला. वाजवणं सुटलंय, तर हा रोज दुपारी गिटार घेऊन जातो कुठे? आणि हात मऊ करतो ते कुणासाठी? बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, कुठेतरी पाणी मुरतंय. झालं, आगीत तेल. खरं तर रागापेक्षा तिला भीतीच जास्त वाटत होती. हा गेला तर काय, हा विचारच तिला सोसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या मागोमाग निघाली. तो खरोखरच हॉटेलात शिरला, पण मागच्या दाराने. पुढच्या दालनात वादकांच्या जागी एक स्पीकर गात होता. मग तिने मागे जाऊन स्वयंपाकघरात डोकावलं. गिटार भिंतीला टेकवलेली, आणि नवरा कोपरापर्यंत फेसात हात बुडवून ताटल्या घासत होता.

“बँड बंद केला त्यांनी,” तिला पाहून तो मान खाली घालून म्हणाला. “तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?”

ती भांडायच्या तयारीने आली होती, सगळं तोंडपाठ करून. “निदान रबरी हातमोजे तरी घाल,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

“आता कशाला?” त्याने विचारलं आणि पुढची ताटली घेतली.

यापेक्षा एखादी बाई असती तर परवडलं असतं, असं तिला वाटलं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.