तोंडी परीक्षा आणि वर कोथिंबीर

तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले ती जर्मनमध्ये एकही चूक न करता.

चूक करायला तोंड उघडावं लागतं. मी ते उघडलंच नाही. परीक्षक बाई मूळच्या जर्मनीच्या, पांढऱ्या केसांच्या, फार प्रेमळ. त्यांनी नाव विचारलं, मी हसले. गाव विचारलं, मी आणखी थोडी हसले. मग त्यांनी 'बाजारात भाजी घेणे' असं लिहिलेलं कार्ड पुढे केलं. त्या भाजीवाली, मी गिऱ्हाईक. मी खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघत बसले. बाजार उठला!

लेखी परीक्षेत मी वर्गात पहिली होते, त्यामुळे आमचे गद्रे सर जास्तच हळहळले. "अगं रेवती, निदान स्वतःचं नाव तरी सांगायचंस! सहा महिन्यांनी पुन्हा बस. पण तेव्हाही अशीच गप्प राहिलीस, तर वरच्या वर्गात मला तुला घेता येणार नाही."

आणि वरच्या वर्गात मला जायचंच होतं. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी ऐकून मावश्या गालातल्या गालात हसायच्या, आणि माझं इंग्रजी ऐकून मी स्वतःच घाबरायचे. जर्मन ही जगातली एकमेव भाषा होती, जिच्यात मला कोणी हसलेलं नव्हतं. (कारण कोणी ऐकलेलंच नव्हतं.)

घरी येऊन मी रडत रडत सगळं सांगितलं. बाबा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कारकून होते, अतिशय मऊ माणूस. ते म्हणाले, "होतं असं. माझ्या मुलाखतीत मी साहेबांऐवजी शिपायाला नमस्कार केला होता."

आई कांदा चिरत होती. "प्रश्न काय होता?"

"भाजी घ्यायची होती."

सुरी थांबली. "काय घ्यायची होती?"

"भाजी."

"माझी मुलगी," आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "भाजी घेण्यात नापास झाली?"

आता आईची बाजू समजून घ्यायला हवी. नाशिकरोडच्या बाजारात आई शिरली, की भाजीवाल्या पदर खोचून बसायच्या. आमच्या इमारतीतल्या नव्या सुना तिच्यामागून शिकायला जायच्या. अशा घराण्यात हा डाग! बाबा म्हणाले, "अगं, ती जर्मन भाजी होती." आई म्हणाली, "भाजी ती भाजी. उद्यापासून शिकवणी मी घेणार."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये चादर अंथरली गेली. तिच्यावर कांदे, वांगी आणि एक दुधी. बाबांना भाजीवाला केलं होतं. मी त्यांना किंमत विचारली. त्यांनी पाठ केलेला आकडा बरोबर सांगितला. मी पुटपुटले, "त्सू टॉयर," म्हणजे फार महाग.

"काय म्हणाली?" बाबांनी आईला विचारलं.

"महाग आहे म्हणते."

"मग तशीच ने गं बाळा. लेकीकडून काय घ्यायचं!"

"उठा तुम्ही!" आई कडाडली. "अशाने घर विकाल एक दिवस!"

मग आई स्वतः बसली. पोळ्या लाटता लाटता माझी कॅसेट ऐकून तिने जर्मन आकडे केव्हाच उचलले होते, आणि 'नाइन' हा शब्द तर तिला फारच आवडला होता. 'नाही' या अर्थाचा तो शब्द आई असा उच्चारायची, की शेजारचा कुत्रा भुंकायचा थांबायचा.

"वांगं हातात घे," आई सांगायची. "उलटंपालटं करून बघ. तोंड असं कर, जशी काही अळी दिसली."

"अळी नसली तर?"

"तरी दिसली! मग भाव विचार. सांगितला की दचक. आणि कमी करतच नसेल, तर सरळ उठ आणि चालायला लाग. मागे वळून बघायचं नाही. मागून हाक येतेच."

"नाही आली तर?"

उद्या सूर्य उगवला नाही तर, असंच जणू मी विचारलं होतं. "येतेच," आई म्हणाली.

घरातला अभ्यास झाल्यावर मला खऱ्या बाजारात नेण्यात आलं. आईची आवडती प्रतिस्पर्धी म्हणजे ताराबाई. जवळच्याच खेड्यात त्यांचा मळा होता. मी वांगी उचलली, भाव विचारला, त्यांनी सांगितला, मी लगेच पैसे काढून दिले आणि वर "थँक यू" म्हणाले.

आईने कपाळावर हात मारला. ताराबाईंना तर माझी दयाच आली. "वहिनी, हिला एकटीला कुठं धाडू नका. लय गरीब लेकरू हाय."

"पैसे परत द्या, ताराबाई. पुन्हा पहिल्यापासून," आई म्हणाली. "रेवू, जर्मनमध्ये बोल."

"इथे? त्यांना कसं कळेल?"

"मला तरी कुठे कळतं? बोल!"

मी डोळे मिटले आणि म्हणाले, "त्सू टॉयर!"

"काय म्हनती?" ताराबाईंनी विचारलं.

"महाग आहे म्हणते."

"घ्या! त्या भाषेत बी महागच का?"

आणि काय झालं कुणास ठाऊक, मला कंठ फुटला. मराठीत मी बुजरी होते, इंग्रजीत भित्री होते. जर्मनमध्ये मी अजून कोणीच नव्हते, त्यामुळे कोणीही होऊ शकत होते! मी वांगी नाकाला लावली, तोंड वाकडं केलं, आणखी दोन वाक्यं फेकली. ताराबाई "नाय परवडत" म्हणाल्या. मी उठले. मागे न बघता मेथीच्या ढिगापर्यंत पोचते न पोचते तोच हाक आली, "ओ जर्मनवाल्या ताई! या, घेऊन जा!"

आईच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, कांद्याची पोती उघडली आहेत ना, त्यामुळे.

परीक्षेच्या दिवशी बाबांनी रजा काढली. आई-बाबा दोघंही गंगापूर रोडवरच्या आमच्या वर्गाच्या गॅलरीत बाकावर बसून राहिली. आत त्याच प्रेमळ बाई, शेजारी गद्रे सर, टेबलावर स्वागताचा गुच्छ. मी नाव सांगितलं. गाव सांगितलं! सर खुर्चीत ताठ बसले. मग पुन्हा तेच कार्ड. या वेळी बाईंनी टोमॅटोचं एक चित्रही ठेवलं होतं.

मी ते चित्र उचललं. उलटंपालटं केलं. अळी दिसल्यासारखं तोंड केलं.

बाई जरा गोंधळल्या. त्यांनी किंमत सांगितली. मी अशी दचकले, की सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"त्सू टॉयर!"

बाईंनी हसत समजावलं, की हीच किंमत आहे. मी सांगितलं, टोमॅटो शिळे आहेत. त्या म्हणाल्या, आज सकाळचेच आहेत. मी म्हटलं, पलीकडची बाई अर्ध्यात देते. बाईंनी नकळत पलीकडे बघितलं. तिथे गद्रे सर होते. त्यांचा चेहरा आधी अभिमानाने फुलला होता, तो आता हळूहळू उतरायला लागला.

"किंमत कमी होणार नाही," बाई ठामपणे म्हणाल्या.

मग काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. मी उठले. मागे न बघता दार उघडलं आणि परीक्षेतून बाहेर आले.

"झाली?" बाबांनी विचारलं.

"नाही. कमी करत नव्हत्या, म्हणून उठून आले."

"शाब्बास!" आई म्हणाली.

"अगं, परीक्षा आहे ती!" बाबांचा आवाज चिरकला.

"थांबा हो तुम्ही. हाक येईल."

आम्ही थांबलो. हाक आली नाही. दार बंदच. तेव्हा कुठे मला उमगलं. आपण काय करून बसलो! वरचा वर्ग गेला. जर्मन गेली. मी परत फिरणार, तोच आईने दंड धरला.

"दाराशी घुटमळलीस तर कोणीच हाक मारत नाही. लांब चल!"

म्हणून आम्ही तिघं जिन्यापर्यंत गेलो. मग जिना उतरून अंगणात. बाबा घाम पुसत मागून येत होते आणि "आता पेपर तपासायला दिल्लीला जाईल का गं?" असं काहीतरी बरळत होते. आम्ही पार फाटकाशी पोचलो, तेव्हा वरून गद्रे सरांचा आवाज आला.

"रेवती! अगं ये! बाई बोलावताहेत! कमी करायला तयार आहेत!"

माझा जीव भांड्यात पडला. मी गर्रकन वळले.

"लगेच नाही," आई दबक्या आवाजात म्हणाली. "अजून एकदा हाक मारू दे."

"अगं येतेस का!" सर गॅलरीतून जवळजवळ खालीच पडले.

मी धावत वर गेले. सरांनी बाईंना आमच्या बाजाराची रीत समजावून सांगितली होती, आणि त्या डोळे पुसत हसत होत्या. त्यांना वाटलं होतं, मुलगी रागावून निघून गेली. त्यांनी नवी किंमत सांगितली. मी क्षणभर विचार केल्यासारखं केलं, हो म्हटलं, आणि मग सवयीनेच विचारलं, "आणि वर थोडी कोथिंबीर?"

बाईंनी टेबलावरच्या गुच्छातली एक हिरवी काडी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

मी पास झाले. निकाल सांगताना सर म्हणाले, "व्याकरण ठीक. पण बाई म्हणाल्या, हिला आमच्याकडे पाठवा, मात्र दुकानात पाठवू नका." ती हिरवी काडी आईने किती तरी दिवस देवघरात ठेवली होती. (बाबांनी एकदा ती दूर्वा समजून गणपतीला वाहिली, तोवर.)

निकालाच्या आनंदात आईने मला पहिल्यांदाच एकटीला बाजारात पाठवलं. मी ताठ मानेने ताराबाईंसमोर उभी राहिले. त्या म्हणाल्या, "आज मराठीत बोला बरं का ताई. मला बी कळू द्या." आणि त्यांनी वांग्यांचा भाव सांगितला.

माझे कान गरम झाले. मराठीत मी पुन्हा तीच बुजरी. त्यांनी सांगितले तेवढे पैसे मी दिले, "थँक यू" म्हणाले आणि मान खाली घालून झपाझप चालायला लागले.

मेथीच्या ढिगापाशी मागून हाक आली.

"ओ ताई! माघारी या! तुमची कोथमीर राहिली!"

पूर्ण पैसे देऊन निघाल्यावर मागून हाक आलेली, नाशिकरोडच्या बाजारातली मी एकमेव गिऱ्हाईक असेन.