काळा गंधार

गुरुवार, सहा फेब्रुवारी १९५८. दुपारी सव्वातीन वाजता वाशीमच्या एका लहानशा छापखान्यात मनकर्णाबाई गोटे यांनी 'कोवळे सूर' या मासिकाची मधली दोन पाने हातात घेतली आणि त्या स्टुलावर बसून ओळींखाली बोट फिरवू लागल्या.

पानांवर गाणे होते. गाण्याच्या प्रत्येक ओळीखाली त्याचे स्वर छापलेले होते. कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि खालच्या सप्तकातल्या स्वराखाली ठिपका असतो, हे तर गाणे शिकणारी सातवीतली मुलगीही सांगेल. इथे दोन्ही पानांवर एकही रेघ नव्हती, एकही ठिपका नव्हता. गाणे भैरवीतले होते. रेघा नाहीत म्हणजे सगळे स्वर शुद्ध, आणि सगळे स्वर शुद्ध म्हणजे भैरवी उरलीच नाही.

"नानाजी, रेघा कुठं गेल्या?"

नानाजी हे छापखान्यातले जुने जुळारी. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलून ओळी जुळवण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कोनत्या रेघा?"

"स्वरांच्या खालच्या! मी लाल शाईनं मारल्या होत्या त्या!"

"त्या कायले छापू? रेघ काय छापाची असते बाई? रेघ म्हंजे, हे अक्षर काळं करा. केले का नाई काळे? पाहा ना, एकूण एक."

मनकर्णाबाईंनी पान उजेडात धरले. खरेच, ज्या ज्या स्वराखाली त्यांनी रेघ मारली होती तो तो स्वर जाड, काळ्याभोर टाइपात बसला होता. बाकीचे बारीक होते.

"आणि ठिपके?"

"ठिपके म्हंजे राहू द्या. राहू देल्ले." नानाजी आता चिडले होते. "मांगच्या साली संमेलनाच्या पत्रिकेचं प्रूफ तुमाले तपासाले कोनं शिकवलं? मीच ना? रेघ मारली का काळं, ठिपके देल्ले का जसं हाय तसं. तवा तं मान हालवत व्हत्या."

मान हलवली होती हे खरे होते. वर या पानांचे प्रूफही त्यांनी पाहिले होते. ओल्या कागदावर काढलेले, शाई फुटलेले ते प्रूफ त्यांनी रिसोडच्या मोटारीत बसून अक्षरन् अक्षर तपासले होते. चाल त्यांचीच होती. त्यांनी ते पान डोळ्यांनी वाचलेच नाही, कानांनी वाचले.

"बिघडलं काय गानं?" नानाजींनी जरा खालच्या आवाजात विचारले.

"सगळे स्वर शुद्ध. भैरवीचा बिलावल झाला, नानाजी."

"मंग? वाईट असते काय बिलावल?"

त्यांनी पान खाली ठेवले.

मनकर्णाबाईंचे वय तेव्हा चौतीस. माहेर शेलूबाजारजवळच्या खेड्यातले, घरची शेती, घरात पेटी वाजवणारे एकटे वडील. त्यांच्याकडून आणि नंतर गावात राहिलेल्या एका म्हाताऱ्या गवयाकडून त्या गाणे शिकल्या, तेही नुसते ऐकून. म्हातारा गेला तेव्हा त्याच्यापाशी असलेल्या पन्नासेक चिजांपैकी मनकर्णाबाईंना एकोणीस येत होत्या. उरलेल्या कुणालाच येत नव्हत्या. कुणी लिहूनच ठेवल्या नव्हत्या. पुढे अमरावतीला परीक्षा देताना त्या स्वरलेखन शिकल्या. पहिली चीज कागदावर उतरली त्या दिवशी त्या परीक्षेच्या वर्गातच रडल्या होत्या, असे त्यांच्यासोबतच्या बाया सांगत.

वाशीमच्या मुलींच्या शाळेत गाणे शिकवायला लागल्यावर त्यांनी ठरवले, की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींसाठी गाण्याचे मासिक काढायचे. तालुक्यातल्या ज्या शाळेत गाण्याची बाई नाही, तिथे गाणे कागदावरून गेले पाहिजे.

दिवाळीपासून त्या आणि नववीतल्या पाच-सहा मुली मासिक आखत होत्या. आकार किती, यावरच दोन दिवस वाद झाला.

"बाई, भूगोलाच्या पुस्तकात लपलं पायजे," कमली म्हणाली. वर्गात तिचे तोंड सगळ्यांत जास्त चाले.

"लपवायचं कशाला गं? शाळेचंच मासिक आहे."

"शाळेचं हाय म्हनूनच. लपवाचं असन तं पोरी वाचतीन."

आकार भूगोलाच्या पुस्तकाहून बोटभर लहान ठरला. मुलींना सिनेमाची गाणी हवी होती. ती मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एका शब्दात उडवली. मग 'तुमचे सवाल' असे एक पान ठरले. त्यात मुलींनी काहीही विचारावे. आवाज फुटतो तो मुलांचाच का, पेटीतला बिघडलेला सूर घरी कसा काढायचा, असले प्रश्न आले. मुख्य गाणे मधल्या जोडपानावर घ्यायचे ठरले, म्हणजे दोन्ही हात पेटीवर असताना पान उलटायला नको. ही कल्पनाही कमलीचीच. मुखपृष्ठासाठी तिनेच तंबोऱ्याचे चित्र काढले. छापायचा ठसा म्हणून सुताराने ते लाकडात कोरून दिले.

मोठ्या बाईंचा मात्र मुळातच विश्वास नव्हता.

"मनकर्णाबाई, गाणं म्हणजे काय वरणाची कृती आहे, कागदावरून करायला? तुमच्यासमोर बसून पोरी बेसूर गातात, कागदासमोर बसून काय गाणार?" मग त्यांनी अट घातली. संमेलनाच्या दिवशी रिसोडच्या शाळेतल्या एका मुलीने, जिने ही चाल कधी ऐकलेली नाही तिने, अंक हातात घेऊन गाणे गाऊन दाखवायचे. आधी दहा मिनिटे वाचायला मिळतील. कुणी एक अक्षर सांगायचे नाही. "गायली तर दर महिन्याला काढा. नाही गायली तर हा पहिला आणि हाच शेवटचा."

संमेलन शनिवारी होते, आठ तारखेला.

"पुन्हा छापा," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कागद कुठं हाय? अकोल्याहून याले चार दिवस लागतीन. आन् खिळेबी सोडले मी. सारे आपापल्या खनात गेले."

त्यांनी पेन्सिल घेतली. एका प्रतीत खालच्या सप्तकाचे स्वर नऊच होते, ते ठिपके मुलींच्या मदतीने शुक्रवारी हाताने देता येणार होते. कोमल स्वर होते चौसष्ट. प्रती दीडशे. त्यांनी गुणाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली.

मग त्या काळ्या अक्षरांकडे बघत राहिल्या. नानाजींनी एकही स्वर चुकवलेला नव्हता. जिथे रेघ तिथे काळे. खूण होतीच, फक्त ती दुसरी होती. वाचणाऱ्या मुलीला ते कळले की झाले.

"नानाजी, काय काय छापायचं राहिलंय?"

"पुठ्ठा तेवढा. बाहेर तंबोरा, आतून मोठ्या बाईंचा संदेश, मांगं तुमचा पत्ता."

"एक ओळ टाकायची आहे. 'काळे अक्षर म्हणजे कोमल स्वर.' "

"टाकतो ना. मांगं टाकू, पत्त्याच्या वर."

"मागचं पान कोण बघतं? अंक उघडला की पहिलं तेच दिसायला हवं. मोठ्या टाइपात."

नानाजींनी मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा जुळवलेला मजकूर दाखवला. मोठ्या बाईंचा संदेश सव्वीस ओळींचा होता, वरपासून खालपर्यंत पान भरलेले. "इथं सुई जात नाई, बाई."

"थोडा कमी करू."

"तुमीच म्हनल्या व्हत्या, एक शब्द इकडचा तिकडं कराचा नाई, असं मोठ्या बाईंनं बजावलं म्हनून."

तसेच बजावले होते. विचारायला जावे तर मोठ्या बाई अकोल्याला गेल्या होत्या, शनिवारी दुपारच्या गाडीने येणार होत्या. मनकर्णाबाई उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत आल्या.

"संदेश काढा."

"आँ?"

"पूर्ण काढा. तिथं माझी ओळ टाका. खाली एक नमुना द्या. सा साधा, मग काळा रे, काळा ग."

नानाजींनी हातातला चिमटा खाली ठेवला. "बाई, उद्या परवा मुलींचं काय व्हाचं ते होईन. पन तुमची नोकरी त्याच बाईच्या हातात हाय ना? मले तं समजून नाई राह्यलं तुमी काय करून राह्यल्या."

"अर्धी खूण चालत नाही, नानाजी. कळलं पाहिजे, नाहीतर नकोच."

नानाजींनी संदेश काढला. सव्वीस ओळी दोऱ्याने बांधून बाजूला ठेवल्या, मोडल्या नाहीत.

शनिवारी चार वाजता शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या. रिसोडच्या सहा मुली अकराच्या मोटारीने आल्या होत्या. मोठ्या बाईंनी त्यांच्यातून स्वतः एक निवडली. हिरी तिचे नाव, पंधरा वर्षांची, उंच आणि हडकुळी, कोमल-शुद्ध ओळखण्यापुरते सूर शिकलेली. मोठ्या बाईंनी तिला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवले, हातात अंक दिला आणि स्वतः घड्याळ आणि दुसरा अंक घेऊन समोर उभ्या राहिल्या. मनकर्णाबाईंना तीन हातांवर उभे राहायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

हिरीने अंक उघडला तो थेट मधोमध. गाण्यावर बोट ठेवले, ओठ हलवले आणि थांबली.

"बाई, हे काही काही अक्षरं काळे काहून हायेत?"

मनकर्णाबाई एक पाऊल पुढे आल्या.

"कुणी सांगायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "अंकातच बघायचं."

हिरीने पान उलटले. पुढे गेली. 'तुमचे सवाल' वाचू लागली, हसलीसुद्धा. तीन मिनिटे गेली. पुस्तक उघडल्यावर मुलगी पहिले पान बघतेच, हे त्यांनी गृहीत धरले होते. ही तर मधूनच उघडून बसली. सहा मिनिटे झाली. हिरी पुन्हा गाण्याशी आली, काळ्या गंधारावर नख घासून पाहिले, जणू शाई सांडली असावी. आठ मिनिटे. मग तिने अंक मिटला, तंबोऱ्याचे चित्र बघितले, ते तिला आवडले असावे, आणि मुखपृष्ठ उलटले.

मोठ्या बाईंनीही त्याच वेळी आपल्या हातातला अंक उघडला.

दोघींच्या समोर एकच ओळ होती. हिरी ती वाचून पुन्हा मधल्या पानाकडे पळाली. मोठ्या बाईंनी ती वाचली, पान उलटले, परत उलटले. मग मान वर करून मनकर्णाबाईंकडे पाहिले. घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "चल. वेळ झाली."

पेटीवर मनकर्णाबाईंनी फक्त षड्ज धरायचा होता. हिरी उभी राहिली. पहिला शब्द बारीक आवाजात आला, खालून, जिथे मुलींनी हाताने ठिपके दिले होते तिथून. मग काळा रिषभ आला. तो तिने मोठ्याने म्हटला. मागे बसलेल्या पोरी फिदीफिदी हसल्या. काळा गंधार आला, तोही मोठ्याने. जे जे काळे ते ते हिरी जोर लावून म्हणत होती. पण प्रत्येक स्वर कोमल होता. भैरवी ठेचकाळत, लंगडत, मधूनच ओरडत पुढे चालली होती, आणि ती भैरवीच होती.

गाणे संपले. मोठ्या बाईंनी टाळी वाजवली नाही. "हे तुला कुणी घरी शिकवलं असेल," त्या म्हणाल्या. "तेराव्या पानावर दुसरं आहे. ते म्हण."

हे ठरलेले नव्हते. मनकर्णाबाई उठू लागल्या, पण मोठ्या बाईंनी हाताने बसवले.

हिरीने तेरावे पान काढले. दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत ती चुकली, भलत्याच स्वरावर गेली आणि गप्प झाली. मनकर्णाबाईंची बोटे पेटीवर होती, हवा तो स्वर त्यांच्या मधल्या बोटाखाली होता. दाबला असता तर हिरीला मिळाला असता. त्यांनी बोट उचलले आणि हात मांडीवर ठेवला.

हिरीने अंक डोळ्यांजवळ नेला. "थांबा ना जरासक," ती सगळ्यांना म्हणाली. "हा साधा निषाद हाय. मी काळा घेतला." आणि तिसरी ओळ पहिल्यापासून म्हटली.

मोठ्या बाईंनी अंक मिटला. मग मनकर्णाबाईंना जवळ बोलावून म्हणाल्या, "पुढच्या अंकाचा मजकूर वीस तारखेला माझ्या टेबलावर हवा."

संदेशाचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, नंतरही नाही. त्यानंतर नऊ वर्षे दोघी एकाच शाळेत होत्या. मोठ्या बाई त्यांच्याशी कामापुरते बोलत, आणि त्यांनी पुन्हा कधी संदेश लिहून दिला नाही. मनकर्णाबाईंनी दोनदा मागितला. दोन्ही वेळा "बघू" एवढेच उत्तर आले. मासिक मात्र त्यांनी एकदाही अडवले नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर मनकर्णाबाई छापखान्यात गेल्या. नानाजींनी चष्मा पुसत विचारले, "मंग, आता रेघेचे खिळे पुन्याहून मागवाचे काय? मी पत्ता काढला."

"नको," त्या म्हणाल्या. "काळेच राहू द्या. रिसोडच्या पोरींना आता तेच येतात."

"अन् ठिपके?"

"ठिपके मागवा."

"म्हंजे ठिपका आला का छापाचा. रेघ आली का काळं कराचं." नानाजींनी भिंतीवरच्या पाटीवर खडूने तसे लिहून घेतले. मग वळून म्हणाले, "पन बाई, तुमाले एखादी गोष्ट खरंच 'राहू द्या' म्हनाची असन, तं कसं सांगान?"

"तोंडानं सांगीन, नानाजी," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या अंकाची वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.