वाटीभर तेल आणि रतनगड

लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा भटकायला निघालो ते रतनगडावर. नातेवाइकांनी महाबळेश्वर सुचवलं होतं. पण तिथे मडमा छत्र्या घेऊन हवा खायला जातात. मला स्वतःच्या पायांनी काहीतरी चढायचं होतं. रतनगडाच्या माथ्यावर कड्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात, आणि त्यात उभं राहिलं की खाली कोकण दिसतं, हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. आमच्या लोकांचं कोकण मला एकदा वरून बघायचं होतं.

आमचे लोक म्हणजे बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की त्याचंच एक पत्रक छापून वाटायला हवं होतं. पत्रकं काढायचा माझा हातखंडा होता. खुळ्या समजुतींवर, बायकांच्या मजुरीवर, सरकारवर. पूर्वज मात्र कोकणात घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आमचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळला की लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की सुटतो. मधल्या वेळात विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही.

आम्ही नगरहून निघून गुरुवारीच पोचणार होतो. पण लढाई चालू होती, पेट्रोल सगळं साहेबाच्या विमानांना, आणि प्रजेच्या वाट्याला कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. चालणारी हा शब्द मोटारवाल्याचा. संगमनेरच्या पुढे ती जी बसली ती दुसऱ्या दिवशी उठली. राजूरहून पायी गडाखालच्या वाडीत पोचलो तेव्हा शुक्रवारची दुपार कलली होती.

वाडीतल्या एका वाटाड्याने ओसरी दिली. त्याच्या बायकोने लगेच कोंबडी धरली. आमच्या पद्धतीने आमच्या माणसाने कापलेली नसेल तर आम्ही खात नाही, हे समजावता समजावता माझा घसा सुकला. कोंबडी वाचली. आमच्या धर्माचा त्या वाडीत उघड फायदा झालेली ती एकटीच.

"उद्या सकाळच्याला निघू गडावर," वाटाड्या म्हणाला. "परवा न्हाई जमायचं. परवा हिरड्याचं वझं राजूरला न्यायचं हाय. आन् वाटाड्याबिगर जाऊ नका, रान लई दाट हाय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "अगं, डोंगरात कोण बघतंय?"

"मी बघतेय. आणि ज्याच्यासाठी पाळायचं तो नगरलाच राहतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

सूर्य टेकायच्या आत मी वाटीत तेल घालून वात लावली. दोन चपात्या ठेवल्या, काळ्या मनुका भिजवून केलेल्या शरबतावर नवऱ्याने प्रार्थना म्हटली. आवाज इतका दुःखी की एखाद्याला वाटावं मयत झालंय.

सकाळी वाटाड्याला सांगितलं, आम्ही शनिवारी हलत नाही. मी भांडणाच्या तयारीत होते. त्याने एकदम हातच जोडले.

"आता कळलं. रातचा दिवा, तेल, शनवार! बाई, तुमी शनिम्हाराजांची मान्सं!"

बातमी वाडीभर गेली. थोड्याच वेळात तो वाटीभर तेल घेऊन परत आला, मागे बायको आणि चार शेजारणी. त्याला साडेसाती होती म्हणे. एक बैल मेला होता, दुसरा लंगडत होता. वाडीतल्या देवळाशेजारी शनीचा म्हणून शेंदूर लावलेला दगड होता.

"तुमच्या हातानं येवढं तेल घाला, ताई. हिरडा माझा भाऊ न्हेईल. उद्या मी सोता तुमाला गडावर नेतो, पार नेढ्यात हुबं करतो."

नवरा माझ्या कानाशी लागला. "घाल की. आपले पूर्वज तेलच काढत होते, तेलाची कसली लाज?"

अडचण तेलाची नव्हती. दगडापुढे तेल ओतणं आम्हाला शब्बाथ मोडण्याहून वाईट. शिवाय ज्या समजुतींवर मी लग्नाआधी पुण्याच्या चौकाचौकांत पत्रकं वाटली, त्यांचीच पुजारीण होऊन मी कोकण बघायला जायचं? फार स्वस्तात मिळत होतं कोकण.

"आम्ही शनीचे नाही," मी म्हणाले. "आम्ही यहुदी. देवाने सहा दिवस काम केलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून आम्हीही घेतो. मालकाने घ्यायचा, गड्याने घ्यायचा, बैलानेसुद्धा. आणि बैल मेला त्याला शनी कशाला हवा? चारा होता का पोटभर?"

वाटाड्याचा चेहरा पडला. त्याची बायको मात्र पुढे सरकली.

"बाया बी इसावा घेत्यात?"

"बायकाही."

"मंग पानी कोन आनतं?"

"आदल्या दिवशी भरून ठेवतो."

"आन् सैपाक?"

"तोही आदल्या दिवशी."

"अगं बया! म्हंजी शुक्रवारी दोन दिसांचं राबायचं, आन् त्येला इसावा म्हनायचं!"

शेजारणी पदरात तोंड घालून हसल्या. नवराही हसला. आदल्या दिवशी झऱ्यावरून पाणी मी आणलं होतं. हे महाशय तेव्हा ओसरीवर पाय चेपत बसले होते. मी ते तिथल्या तिथे सांगितलं तसं हसू त्यांच्यावरच उलटलं. मला तेवढाच विजय मिळाला. रतनगड गेला.

रविवारी वाटाड्या हिरडा घेऊन राजूरला निघाला; नवऱ्याची रजा संपली होती, म्हणून आम्हीही त्याच्यामागून. मी फिरून फिरून गडाकडे बघत होते. न राहवून तो म्हणाला, "तेल नसतं घातलं तरी चाललं आसतं. निस्तं गप ऱ्हायचं हुतं. मी नेलं आसतं."

"फसवून?"

"मला ठावंच नसतं, तर फसवनं कसलं?"

नवऱ्याला हे तत्त्वज्ञान इतकं पटलं की राजूर येईपर्यंत तो त्याच्याशीच बोलत चालला.

राजूरला व्यापाऱ्याने ओझं उतरवून घेतलं आणि आमच्याकडे बोट केलं. "हे पाहुणे कुठले?"

"शनवार पाळत्यात. पर शनीची न्हाईत, बाईंनी सोताच सांगितलं."

"मग कुणाची?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात नवऱ्याने आमच्या अॅल्युमिनियमच्या मगातला कढत चहा घाईघाईने माझ्या हातात दिला. "आधी पी," तो म्हणाला. "अजून ह्यांच्याकडून मोटार मिळायचीय."