सफूराभाभींचे बरे झालेले गुडघे

सफूराभाभींचे आणि माझे गुडघे एकाच साली गेले. आमच्या जुन्या पनवेलातल्या इमारतीला लिफ्ट नाही. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. जिन्यात गाठ पडली की आधी गुडघ्यांची विचारपूस.

"काय कमलाकरभाऊ, आज उजवा की डावा?"

"डावा, भाभी. उजव्याची रजा आहे."

मग दोघंही कठडा धरून इतका वेळ उभे, की बघणाऱ्याला वाटावं, यांची बोट लागायची आहे.

भाभींचे यजमान ताहेरभाई गेले, त्यांचं बाजारातलं कपबश्यांचं दुकान विकलं, आणि भाभी एकट्या राहिल्या. मुलगा अदीब कतारला, एसी बसवण्याच्या कामावर. वर्षातून एकदा रमजान ईदला दहा दिवस यायचा. त्या दहा दिवसांत घरात ईद कमी आणि संधिवात जास्त साजरा व्हायचा. पहिल्या दिवशी एक्स-रे, दुसऱ्या दिवशी हाडांचे डॉक्टर, तिसऱ्या दिवशी इंजेक्शन, मग न्हाणीघरात धरायला दांडी बसव, गुडघ्याला नवा पट्टा आण. बिर्याणी मध्येच केव्हातरी. भाभी कुरकुरायच्या, पण डॉक्टरांकडे जाताना नवी ओढणी घ्यायच्या.

गेल्या ईदला निघताना अदीब म्हणाला, "अम्मी, पुढच्या वर्षी दवाखाना नको. तू बरी हो, आपण कर्नाळ्याला जाऊ. पक्षी बघू."

झालं! बाईंनी ते मनावर घेतलं. व्यायाम शिकवणाऱ्या रियाने सांगितलं, की टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायची, दहा आकडे मोजायचे, असं वीस वेळा. भाभी तीस वेळा करायच्या. साखर सोडली. सात किलो उतरल्या. रोज सकाळी वडाळे तलावावर फेऱ्या, आणि सोबतीला मी. पहिल्या फेरीनंतर मी बाकावर बसायचो आणि त्यांच्या उरलेल्या तीन फेऱ्यांवर देखरेख करायचो. रमजान लागायच्या आधी डॉक्टरांना विचारून त्यांनी गोळ्या पहाटेच्या सहेरीला आणि संध्याकाळच्या इफ्तारीला लावून घेतल्या. मी एकादशीला साबुदाणा खाऊन वजन वाढवणारा माणूस. मला मनातून लाजच वाटली.

दर शुक्रवारी अदीबचा व्हिडिओ कॉल. मोबाइल धरायचं काम माझं. भाभी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालून दाखवायच्या, वळायच्या, परत यायच्या. "बघ, काठी नाय!" तिकडून अदीब टाळ्या वाजवायचा.

विसाव्या रोज्याला त्याचा फोन आला. भाभी चालून दाखवायला उठतच होत्या.

"अम्मी, बस ना जरा. या वेळी मी येत नाही."

भाभी उभ्याच राहिल्या.

"अगं, आमच्या साइटवर निकेश म्हणून आहे, पेणचा. त्याच्या आईला अजिबात चालवत नाही, ऑपरेशन आहे. साहेब एकालाच सोडणार. तू तर आता माशाल्लाह एकदम फिट. म्हणून माझी सुट्टी त्याला दिली. बरोबर केलं ना?"

"बरोबर केलंस, बाळा," भाभी म्हणाल्या. "आईजवळ कोणीतरी पायजे."

फोन बंद झाल्यावर मी तिरीमिरीत म्हणालो, "भाभी, पुढच्या शुक्रवारी जरा लंगडत चाला की! मी मोबाइल असा धरतो, की दोन्ही पाय लंगडे दिसतील. पोरगा पहिल्या विमानाने येईल."

त्या हसल्या. ओढणीने डोळे पुसत हसल्या. "आणि त्या पेणच्या बाईला काय सांगायचं, भाऊ? तुमचा मुलगा परत पाठवा?"

मी त्यांचा मोबाइल चार्जिंगला लावला आणि वर गेलो.

ईदच्या सकाळी मी खाली गेलो. भाभींनी एकटीने शीरखुर्मा केला होता, इमारतीतल्या सगळ्या घरांना पुरेल एवढा. पहाटेपासून ओट्यापाशी उभ्या होत्या. उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. "आज बसूनच बोला त्याच्याशी," असं मी म्हणतोय तोवर फोन वाजलाच.

"ईद मुबारक, अम्मी! गुडघे काय म्हणतात?"

"मजेत हायत. थांब, दाखवते."

मी मानेनेच नको म्हणालो. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. उठल्या. भिंतीला हात न लावता, ताठ, हॉलमधून स्वयंपाकघरात चालत गेल्या. दारातून आत वळल्या, आणि परत आल्या नाहीत.

मी जिथे बसलो होतो तिथून दिसत होतं. ओटा दोन्ही हातांनी धरून, माझ्याकडे पाठ करून त्या उभ्या होत्या. खांदे हलत होते.

मी मोबाइल स्वतःच्या तोंडाकडे वळवला.

"काका, अम्मी कुठे गेली?"

"शीरखुर्मा आणायला. मला दोन वाट्या लागतात, माहीत आहे ना तुला?"

अदीब मोठ्याने हसला. "काका, तिची चाल बघितली? यंदा खरंच टेन्शन नाही."

"बघितली रे," मी म्हणालो, आणि स्वयंपाकघरातलं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून कतारच्या हवेची चौकशी करत राहिलो.