शिरपूरजवळचं भरीत

परवा पिंप्राळ्यात कुणीतरी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होतं. त्या धुराच्या वासानं जुना वैताग जसाच्या तसा वर आला.

हिमाचल पाहून आम्ही जळगावला परतत होतो. अठरा दिवस एकाच मेटॅडोरमध्ये झोपणं, तिच्यातच स्वयंपाक. भरीत ठेचायची नानांची लाकडी बडगी सगळा प्रवास माझ्या पायांत लोळत होती. घर अडीच तासांवर आलं आणि शिरपूरजवळ नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडी थांबवली. कुणाच्या तरी बांधावरून पऱ्हाट्या मागून आणल्या आणि वांगी भाजायला घेतली.

"नाना, घरी जाऊन करू ना!" मी ओरडले.

"घर गॅस शे. गॅसवर भरीत व्हस का?"

आईनं कपाळाला हात लावला. भाऊ डोक्यावरून चादर ओढून झोपला. नाना मात्र निवांत मिरच्या ठेचत बसले. रागारागात मी तीनदा भरीत वाढून घेतलं.

"घर गयात का बठ्ठा पांगी जातीन," ते हळूच म्हणाले.

"पांगू द्या सगळ्यांना एकदाचं!"

पांगलो. भाऊ पुण्याला गेला, आई-नाना राहिले नाहीत. बडगी कुणालाच नको होती, म्हणून माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात अजूनही माझ्याच पायांत येते.