अपेक्षित उत्तराचा रकाना

धुळ्याच्या अध्यापक विद्यालयात तो माझ्या बाकावर बसायचा. गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. बोलण्याआधी तो इतका वेळ थांबायचा की समोरचा निघून जायचा.

सराव पाठाच्या टाचणात शिक्षकाच्या प्रश्नाशेजारी मुलांच्या अपेक्षित उत्तराचा रकाना असे. आम्ही तिथे सुबक उत्तरे लिहायचो. त्याने लिहिले, 'मुले गप्प राहतील.'

सरांनी लाल रेघ मारली. "असं लिहितात का?"

"सर, पहिल्यांदा गप्पच राहतस," तो म्हणाला.

वार्षिक पाठात नापास झाले की नोकरी विसरायची. म्हणून आदल्या दिवशी सगळे जण वर्गात जाऊन मुलांकडून उत्तरे घोकून घेत. मी त्याला म्हटले, "चल भाऊ, दहा मिनिटांचं काम शे."

"मंग उद्या मी काय इचारू?"

दुसऱ्या दिवशी परीक्षक सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन बसले. त्याने विचारले, नदीला पाणी कुठून येतं? मुले गप्प. तो खडू धरून थांबला. परीक्षकांनी दोनदा घड्याळ पाहिले, शेरा लिहिला आणि नारळासह उठून गेले. मग शेवटच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "डोंगरमाईन." म्हणजे डोंगरातून.

त्याने तिच्या हातात खडू दिला आणि फळ्यावर डोंगर काढायला लावला.

तो नापास झाला आणि पुन्हा आला नाही. मी पास झालो. माझ्या वर्गात मुले पटापट उत्तरे देतात. मला अपेक्षित नव्हते असे उत्तर त्यांत अजून एकही आलेले नाही.