साहेबांच्या टेबलावरचा फोन

कडकताईने नवऱ्याच्या पाठीवर तापलेली इस्त्री ठेवली, ही बातमी आमच्या इमारतीत दुधाच्या पिशवीआधी पोचली. खरी गोष्ट मला कळायला दुपार झाली, हा माझा अपमानच. इस्त्री ताईच्याच दुकानातली, पण होती नवऱ्याच्या हातात. भाजला तो ताईचा दंड. आणि तिचा उजवा अंगठा मोडला तो वेगळाच.

कडकताई म्हणजे तळमजल्यावरची लॉन्ड्रीवाली. कपडे कडक, जीभ त्याहून कडक, म्हणून हे नाव. नवऱ्याच्या मारझोडीला कंटाळून ती मावशीकडे राहायला आली. नवरा मोबाइल दुरुस्तीवाला. हातात कला, डोक्यात किडे. ती निघताना म्हणाला, "तुझा फोन तेवढा नीट करून देतो," आणि तिथेच त्याने मेख मारून ठेवली.

मग ही घरात जे बोलेल ते संध्याकाळी मेसेज होऊन परत यायचं. मावशीला म्हणाली, "मेला डुक्कर आहे," की याचा मेसेज, "डुकराचे दात पाहिलेस का?" घरातलं बाहेर कोण नेतं? साहजिकच संशय माझ्यावर.

"काकू, तुमच्या जिभेला कांजी घालून वाळत टाकीन हं!"

"बाई गं," मी म्हटलं, "मी बातम्या इमारतीतच वाटते. बाहेर माझी शाखा नाही."

मग फोनचा संशय आला आणि ती पोलीस ठाण्यात गेली. साहेबांनी विचारलं, "हात लावला का त्याने?"

"अजून नाही."

"मग फोनवरच ना? बंद ठेवा फोन."

तिची सगळी गिऱ्हाइकं फोनवर. बंद ठेवून खायचं काय, हँगर? पुढे त्याने गल्लीत गाठून तिचं डोकं भिंतीवर आपटलं. ती पुन्हा गेली. या वेळी सल्ला बदलला. "नवरा-बायकोचं आहे, समजुतीने घ्या. अन् ते मेसेज डिलीट करा, उगाच मनस्ताप." दोन्ही वेळा तक्रारीचा कागद झाला नाही.

फोन उघडायला ताईने अंगठ्याचं कुलूप घातलं. त्यावर आपले मेसेज पुसायला तो थेट दुकानात शिरला. "अंगठा दे!" ताईने मूठ आवळली. त्याने मनगट टेबलावर दाबलं, एकेक बोट उकललं, अंगठा काचेवर टेकवला. तिने हिसडा दिला, तशी त्याने तो उलटा फिरवला. काटकी मोडावी तसा आवाज झाला. फोन उघडला. तिने त्याच हाताची नखं त्याच्या गळ्यात रुतवली, तेव्हा त्याने इस्त्री उचलून तिच्या दंडावर दाबली. कातडी चरचरली. ताईने त्याच्या कानाचा लचका तोडला, तेव्हा कुठे इस्त्री सुटली. रक्ताळलेलं तोंड घेऊन ती उभी, आणि कान धरून पळाला तो. एवढं रक्त पाहून लोकांनी आपल्याला हवी ती बातमी शिवली.

प्लास्टर घालून ताई पुन्हा ठाण्यात गेली. सोबत मी. मी गेले माहितीला, सोबत हे निमित्त.

"हाच का तो फोन?" म्हणत साहेबांनी तो टेबलावर ठेवला, चहा सांगितला आणि ऐसपैस बसले. "आता आमच्या वरच्या नव्या मॅडमनी फर्मान काढलंय, फोनवरच्या छळाची तक्रार लगेच लिहा म्हणे. मॅडमला काय, बिनकामाची बाई, थंडगार खोलीत बसून कागद फडफडवते."

ताई म्हणाली, "साहेब, फोन आधी बाहेर ठेवा."

"राहू द्या हो, चावत नाही तो."

चहा यायच्या आत टेबलावरचा सरकारी फोन वाजला. साहेबांना स्पीकरवर बोलायची हौस. आपल्याला कोणाकोणाचे फोन येतात ते चारचौघांना कळावं म्हणून.

"साहेब," पलीकडून ताईच्या ओळखीचा आवाज, "बिनकामाची बाई, थंडगार खोली... मॅडमना ऐकवू का? नको असेल तर तेवढी तक्रार बंद करा."

साहेबांचा रंग इस्त्री न केलेल्या पांढऱ्या शर्टासारखा झाला. आणि मग काय पळापळ! जी जीप एरवी पंक्चर असते तीही सुटली. नवऱ्याला दुकानातून फरफटत आणलं, पायरीवर त्याचे दोन दात पडले. अंगठ्यासाठी नाही हं; साहेबांच्या चोरून ऐकलेल्या वाक्यासाठी.

आता त्या ठाण्यात तक्रारदाराचा फोन आधी दुसऱ्या खोलीत जातो. या कामाला एक हवालदार बाई बसते. मेसेज पुसायला सांगत नाही, आधी त्यांचे फोटो काढते. "हात लावला का?" हा प्रश्न ती शेवटी विचारते. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी ताई डाव्या हाताने कशीबशी सही करत होती. साहेब घाम पुसत म्हणाले, "अहो बाई, प्रकरण एवढं गंभीर आहे, हे आधी नाही का सांगायचं?"

ताईने पेन खाली ठेवलं.

"दर वेळी सांगितलं साहेब. ऐकत फक्त तोच होता."